तीनशे मिलिमीटर

माझी लेन्स ३०० मिलिमीटरची आहे. हा आकडा जितका मोठा, तितका लांबचा पक्षी फोटोत मोठा दिसतो. पक्षी टिपणाऱ्या मंडळींत हे सांगितलं की कुणी ‘अरेरे’ म्हणत नाही, पण चेहऱ्यावर ते उमटतंच. ही मंडळी ६०० मिलिमीटरची तोफ तिकाटण्यावर चढवून उभी असतात. मी शेजारी उभा राहिलो तर लग्नाचे फोटो काढायला आलेला माणूस वाट चुकलाय असंच वाटतं.

केंटिश चिखल्या हा वाळूत राहणारा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १५ ते १७ सेंटिमीटर. तीस मीटरवरून माझ्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात, ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत, त्याच्या वाट्याला ४०० पिक्सेल येतात. उरलेली सगळी वाळू. वाळूच्या फोटोंचा माझ्याइतका संग्रह क्वचितच कुणाकडे असेल.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारा, लांबचं मोठं करणारा टेलिकन्व्हर्टर लावून पाहिला. १.४ पटीचा तो तुकडा एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश गिळतो, लेन्सचं छिद्र f/५.६ चं f/८ झालं आणि ऑटोफोकस चष्मा हरवलेल्या आजोबांसारखा पुढेमागे चाचपडत राहिला.

मग सरपटणं आलंच.

चिखल्या घरटं असं बांधतच नाही. पोटाने वाळू सारून खळगा करायचा, चार शिंपल्यांचे तुकडे टाकायचे की झालं. त्यात साधारण तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे. लपवायचं म्हणून काही नाही. पायाखाली आलं तरी दिसू नये अशी सोय.

कॅमेरा पुढे, कोपरं मागे, तोंडात वाळू, कॉलरमध्ये वाळू, आणि कुठून शिरली ते न सांगण्याजोग्या ठिकाणीही वाळू. समोर मादी उठली, पंख मोडल्यासारखा फरफटत नेऊ लागली. हे नाटक मला ठाऊक होतं! शत्रूला घरट्यापासून लांब न्यायचं म्हणून असतं ते. मी ढिम्म हललो नाही. हरली बिचारी. थोडं पुढे जाऊन अंग फुलवून, डुलत डुलत खाली बसली. बाई अंड्यांवर बसल्या! मी धडाधड शटर दाबलं.

थोड्या वेळाने ती उठली आणि चार पावलांवर बसली. अंग अवघडलं असेल, म्हटलं. पुन्हा उठली, आणखी तिसरीकडे बसली. आता तीन घरटी कुणाची असतात? तेव्हा उशिरा का होईना, डोक्यात प्रकाश पडला. या पक्ष्यांचा दुसरा अंकही असतो: मोकळ्या वाळूवर अंडी उबवण्याचं सोंग. दोनशे सत्तर फोटोंत बाईंच्या पोटाखाली काहीही नव्हतं.

इकडे ऊन चढत होतं. तापल्या वाळूत अंडी शिजायला वेळ लागत नाही. मादी पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार करते, ती याचसाठी. आणि मी तिला अभिनयात गुंतवून ठेवलेलं. शरमेने आलो त्याच वाटेने उलटा सरपटत निघालो. पन्नास मीटरवर थांबून दुर्बीण लावली.

ती जराशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि दुडूदुडू धावत सरळ माझ्या सरपटण्याच्या चरीपाशी आली. डाव्या कोपराने पाडलेल्या चरीपासून दोन वितींवर पोट हलवत बसली. या खेपेला उठली नाही.

म्हणजे मी घरट्याला घासून गेलो होतो. माझ्या लेन्सला दीड मीटरच्या आतलं फोकसही होत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच लेन्स लांब पडली होती.

पन्नास मीटरवरूनच एक फोटो काढला. पक्ष्याच्या वाट्याला अडीचशे पिक्सेल, तेही तापलेल्या हवेत थरथरणारे. घरी दाखवला.

“दगड छान आलाय.”

“तो डावीकडचा दगड. उजवीकडचा पक्षी आहे.”

खात्री पटावी म्हणून मोठा करून दाखवला. दोन्ही दगडच होते.