कशाला पाहिजे?

आज दुपारी एका सरकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्यायला गेले होते. जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, नीट भरलेलं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेलं. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "कशाला पाहिजे ही माहिती? कारण लिहून आणा, मग घेते."

मी माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) सांगितलं. अर्जदाराला कारण विचारायचं नाही, असं कायद्यातच लिहिलंय. आतून साहेब आले, तेही तेच. "तुमचा काय संबंध?"

आमच्या वस्तीत तीन दिवसांआड पाणी येतं. टाकीच्या कामाचं बिल किती निघालं एवढंच विचारलंय, आणि माझा संबंध काय?

घरी आल्यापासून अण्णांची आठवण येतेय. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. रात्री घरी आले तरी डोक्यात वेबिलच, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागदच असायचा. हिशेबात पाच रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातून भरायचे. मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गाडीत होते. मधल्या एका फाट्यावर तपासणीवाले चढले. अण्णांनी काही न बोलता बॅग, तिकिटांचा ट्रे, वेबिल, सगळं पुढे केलं. "कशाला पाहिजे?" असं त्यांनी विचारलं नाही. पैसे महामंडळाचे होते, अण्णांचे नव्हते.

त्या टेबलामागच्या लोकांकडे कुणाचे पैसे आहेत?

हा कायदा आपल्याला कुणी ताटात वाढून दिलेला नाही. राजस्थानात मजूर बायका मस्टर रोल, म्हणजे मजुरांच्या हजेरीची यादी, दाखवा म्हणत उन्हात बसल्या, १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. महाराष्ट्रात अण्णा हजारेंनी उपोषणं केली. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून जम्मू-काश्मीर सोडून देशभर कायदा लागू झाला. आणि तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना जानेवारी २०१० मध्ये भर रस्त्यात मारलं. जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते ते. हे आठवलं की माझा आवाज चढतो, चढू दे.

हो, अर्ज टाकून बिल्डरकडून पैसे उकळणारे आहेत. माहीत आहे मला. त्यांच्यावर खंडणीचे गुन्हे दाखल करा ना. त्यांच्यापायी माझा अर्ज का अडवता?

आणि आता तर नकार द्यायला नवीन सोय झालीय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं. 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की विषय संपला. आधी त्याच कलमात जनहिताचा विचार करायची अट होती, ती काढली. ८(२) मध्ये जनहिताचा मुद्दा अजून आहे म्हणतात, पण तिथवर भांडत जाणार कोण? मस्टरवरची नावं वैयक्तिक, लाभार्थ्यांची यादी वैयक्तिक. मग तपासायचं काय?

त्या बाईंचाही फार राग नाही आता. एकट्या तीन टेबलं सांभाळत होत्या, डबासुद्धा तसाच पडलेला. त्यांना वरून जे सांगितलं तेच त्या बोलल्या असणार. पण साहेबांचं तसं नाही. तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड त्यांच्या पगारातून जाऊ शकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माहिती आयोगात दुसरं अपील वर्षानुवर्षं पडून राहतं, हेही ठाऊक आहे.

अण्णांचे पाच रुपये त्याच दिवशी वसूल व्हायचे.

अर्ज मी तिथेच उभी राहून दिला. कारण लिहिलं नाही. पोच घेतल्याशिवाय हलले नाही, चाळीस मिनिटं लागली. शिक्का पुसट आहे, पण तारीख वाचता येते. तीस दिवस मोजतेय. उत्तर नाही आलं तर एकतिसाव्या दिवशी प्रथम अपील तयार असेल.

तुमच्यापैकी कुणाचा अर्ज असाच परत केला असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. मसुदा मी लिहून देते. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.