बाळंतिणीच्या खोलीत

परवा आमच्या ब्रिस्बेनच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्याने आलेल्या एका जोडप्याने विचारलं, "हर्वी बेला व्हेल बघायला जायचंय, कुठली बोट सगळ्यात जवळ नेते?" तासाभरात उत्तरांचा पाऊस. अमक्या बोटीवरून हात लावता येईल इतक्या जवळ दिसली. तमक्या बोटीचा स्किपर भित्रा आहे, लांबूनच दाखवतो, पैसे फुकट. मी काहीतरी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. ग्रुपवर भाषण नको म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी कबुली. सहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारलं होतं आणि "जवळ नेणाऱ्या" बोटीवर चढले होते. आई आणि पिल्लू दिसलं. स्किपरने बोट लांब थांबवली तशी आमची कुरकुर सुरू झाली. एवढे डॉलर मोजलेत, मुलांना काही दिसत नाही, वगैरे. त्या कुरकुरीत माझाही आवाज होता. शेवटी बोट पुढे सरकली. ती दोघं पाण्याखाली गेली आणि पार पलीकडे वर आली. आम्ही तिकडे. ती परत खाली. असं तीनदा झालं. त्या दिवसाचा माझ्याकडे एक व्हिडिओ आहे. त्यात इंजिनचा घरघराट, कुणाचा तरी टोपीवाला खांदा आणि दोन सेकंद शेपटी आहे. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "काय भारी होतं!"

गेल्या सप्टेंबरात आई आली होती. बहात्तर वर्षांची, माहेर हर्णैचं. बंदरावरचा लिलाव बघत वाढलेली, त्यामुळे समुद्राचं तिला अप्रूप नाही. "देवमासा बघायला जायचं" म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "तो येतो कशाला तिथे?"

हा प्रश्न आमच्या ग्रुपवर अजून कुणी विचारलेला नाही.

हर्वी बेत येणारे देवमासे हंपबॅक जातीचे. ते खातात अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यात. तिथे क्रिल नावाची कोळंबीसारखी बारीक जीवसृष्टी मुबलक असते. पण पिल्लं जन्माला येतात ती उबदार पाण्यात, म्हणून दरवर्षी हिवाळ्यात (इकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट) ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने हजारो किलोमीटर वर यायचं आणि नंतर तेवढंच खाली जायचं. हर्वी बे हा त्या परतीच्या वाटेवरचा थांबा. ब्रिस्बेनहून गाडीने साधारण चार तास. समोर क'गारी बेट आहे (आधीचं फ्रेझर आयलंड, २०२३ मध्ये बुचुल्ला लोकांचं मूळ नाव अधिकृतपणे परत आलं). बेटाच्या आडोशामुळे आतलं पाणी शांत आणि उथळ. जुलैच्या शेवटी आधी तरणीताठी टवाळ पोरं येतात, मग मोठे येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लेकुरवाळ्या. त्या इथे काही दिवस टेकतात. पिल्लू पितं, झोपतं, उड्या मारायला शिकतं, आणि मग दोघं दक्षिणेकडे निघतात.

गाडीत मी आईला हे सांगत होते. जन्मतःच पिल्लू चार मीटरच्या वर लांब असतं, वजन टनाच्या आसपास. आईचं दूध इतकं दाट की पाण्यात विरघळून जात नाही. त्यात चाळीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधात सातएक टक्के असतो म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे लोणीच की ते." मग मी सांगितलं, या सगळ्या काळात पिल्लाची आई जवळजवळ काहीच खात नाही. इकडच्या उबदार पाण्यात तिच्या पोटाला पुरेल असं काही नसतंच. अंगावरच्या चरबीवर ती जगते आणि त्यातूनच दूध तयार करते. अंटार्क्टिकाला पोचेपर्यंत कित्येक महिने.

माझी आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाळंतीण उपाशी?"

माझ्या दोन्ही बाळंतपणांत जिने डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचे डबे ब्रिस्बेनच्या कस्टम्समधून कसे पार केले हे तिलाच ठाऊक, तिला हे पटणं शक्यच नव्हतं. पुढचा तासभर ती मधूनमधून तेच म्हणत होती. आणि उरांगनच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा तिने निकाल दिला, "मग आपण कशाला जातोय तिथे? बाळंतिणीच्या खोलीत कोणी असं घोळक्याने घुसतं का?"

तिकिटं काढलेली होती. गेलो.

आता जरा जुनं सांगते, कारण "एवढी माणसं येतात म्हणूनच व्हेल वाचल्या" हा मुद्दा मला हमखास ऐकवला जातो आणि त्यात तथ्य आहेच. ब्रिस्बेनसमोरच्या मोर्टन बेटावर टँगलूमा नावाचं रिसॉर्ट आहे. आपली बरीच मंडळी तिथे डॉल्फिनला मासे भरवायला जातात. ते रिसॉर्ट उभं आहे व्हेल कापायच्या कारखान्याच्या जागेवर. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत तिथे ६,२७७ हंपबॅक ओढून आणून तेलासाठी कापल्या गेल्या. कारखाना बंद पडला तो दया आली म्हणून नव्हे, मारायला व्हेलच मिळेनात म्हणून. त्याच सुमारास सोव्हिएत जहाजं दक्षिण महासागरात दोन हंगामांत चोरून सुमारे पंचवीस हजार हंपबॅक मारत होती, हे जगाला कळलं तीसेक वर्षांनी. पूर्व किनाऱ्यावर जेमतेम काही शे उरल्या. १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली आणि तिथून त्या वाढत वाढत आज चाळीस हजारांच्या वर गेल्या. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. हर्वी बेत बघायच्या बोटी सुरू झाल्या १९८७ ला. म्हणजे जीव वाचवले ते बंदीने. बोटींनी नंतर त्या जिवंत व्हेलची किंमत गावाला दाखवून दिली. हे दुसरं कामही मोठं आहे, मी नाकारत नाही. पण श्रेय वाटताना क्रम चुकवू नये.

आणि "जवळ" या शब्दाबद्दल. इथे नियम आहे, बोटीने व्हेलच्या शंभर मीटरच्या आत जायचं नाही, तीनशे मीटरच्या आत आलं की वेग अगदी कमी. पिल्लू असेल तर आणखी जपायचं. आपल्याला वाटतं, शंभर मीटर पाळले की झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समथच्या आखातात संशोधकांनी यावर एक प्रयोग केला. तिथेही आया पिल्लांना घेऊन विसावतात. बोट शंभर मीटरवरूनच नेली, फक्त पाण्याखालच्या स्पीकरमधून इंजिनचा आवाज कमीजास्त केला. मोठ्या आवाजाला आईची विश्रांती तीस टक्क्यांनी घटली, श्वास दुप्पट वेगाने सुरू झाला, पोहण्याचा वेगही एक तृतीयांशाहून जास्त वाढला. बोट तेवढ्याच अंतरावर होती! त्याच आखातात आधी पिल्लांच्या पाठीवर चिकटणारी यंत्रं लावून ऐकलं होतं, तेव्हा कळलं की आई आणि पिल्लू एकमेकांशी कुजबुजल्यासारखं हळू बोलतात. शिकारी ऑर्कांना (किलर व्हेलना) आणि गळेपडू नरांना सुगावा लागू नये म्हणून असावं, असा अंदाज आहे. हे मी वाचलं आणि माझा तो घरघराटाचा व्हिडिओ आठवला. ती तीनदा बुडी मारून लांब गेली होती. उपाशी पोटी.

तर आईबरोबरची फेरी. या वेळी मी स्किपरची चौकशी उलटी केली होती, सगळ्यात "कंटाळवाणा" कोण? जो सापडला तो खरंच तसा होता. प्लॅटिपस बेच्या पाण्यात बोट उभी केली, इंजिन बंद केलं आणि सांगितलं, आता वाट बघायची. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. पोरं चिप्स मागायला लागली. एक काका घड्याळ बघत होते. लांबवर एक आई नुसती तरंगत होती, ओंडक्यासारखी. तिच्या बाजूला दर तीन-चार मिनिटांनी एक छोटासा फुत्कार यायचा. माझी आई आपली कठड्याला धरून तो फुत्कार मोजत होती.

मग पिल्लाला आमचा शोध लागला.

ते आलं वाकडंतिकडं, तान्ह्या मुलाने पहिल्यांदा पालथं पडून पुढे सरकावं तसं. बोटीच्या बाजूला येऊन कुशीवर वळलं आणि एक डोळा पाण्याच्या वर काढला. मागून त्याची आई आली. घाई नाही. चौदा-पंधरा मीटरचं ते धूड पिल्लाच्या आणि आमच्या मधून, बोटीला पाठ लावून गेलं, मग खालून पलीकडे निघालं. पाणी इतकं स्वच्छ की तिचा पांढुरका, वल्ह्यासारखा पंखा आमच्या पायाखालून सरकताना दिसला. तिने श्वास सोडला तेव्हा आमच्या तोंडावर तुषार आले. वास माशांचाच, पण शिळा. आईने पदराने (ती इथेही साडीच नेसते) तोंड पुसलं आणि तिचं पेटंट वाक्य टाकलं, "शी!"

व्हेल आपणहून अशी बोटीला चिकटली की इथे त्याला 'मगिंग' म्हणतात, वाटमारी. मग इंजिनाचा पंखा फिरवायची सोय नाही, त्या जाईपर्यंत बोट जागची हलत नाही. स्किपरने हे माइकवर सांगितलं, मी आईला समजावलं. ती म्हणाली, "घेरावच घातलाय की." चाळीस मिनिटं घेराव चालला. घड्याळवाले काका पहिल्या पाच मिनिटांतच खाली बसले होते, ते शेवटपर्यंत उठलेच नाहीत. चष्मा काढून हातात धरलेला.

फोटो माझ्याकडे बरे आले आहेत, पण इथे टाकत नाहीये. टाकले की उद्या ग्रुपवर पहिला प्रश्न येईल, "कुठली बोट?"

खरं सांगायचं तर मला स्किपर लोकांची दया येते. बऱ्याच बोटी हमी देतात, व्हेल दिसली नाही तर दुसरी फेरी फुकट. दिसतेच जवळजवळ नेहमी, पण दिसणं आता कुणाला पुरत नाही. रिव्ह्यूत लोक तारे कापतात ते "लांब होती" म्हणून. पिल्लू दूध पीत असताना स्किपरने बोट मागे घेतली म्हणून एकाने दोन तारे दिलेले मी स्वतः वाचले आहेत. नियम सरकारने कितीही लिहावेत, बोट हाकतो तो त्या ताऱ्यांकडे बघूनच.

आता तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियात बसून काय सांगतेस. पण हंपबॅक हा फक्त ऑस्ट्रेलियाकडचा प्राणी नाही. आपल्या अरबी समुद्राची स्वतःची हंपबॅक आहे आणि ती अंटार्क्टिकाला जातच नाही, बारा महिने त्याच समुद्रात. ओमानच्या किनाऱ्यावर शंभराच्याही आत उरल्यात. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी या समुद्रातही २४२ मारल्या, त्याची भरपाई अजून झालेली नाही. २०१७ मध्ये ओमानमध्ये एका मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं होतं. नाव लुबान, म्हणजे अरबीत धूप. ती सरळ समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याशी आली, पार दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला. मासेमारीच्या जाळ्यांमधून आणि जहाजांच्या वाटेतून, आणि आपल्याला पत्ताही नाही.

गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये वाळूत आलेलं ते देवमाशाचं पिल्लू तुम्हाला आठवत असेल. वेगळ्या जातीचं, पण पिल्लूच. गावकऱ्यांनी त्याला ओलं ठेवलं, सगळ्यांनी मिळून खोल पाण्यात नेऊन सोडलं, पण ते जगलं नाही. तेव्हा मी इथून रात्रभर व्हिडिओ बघत होते. आई फोनवर एकच विचारत होती, "त्याची आई कुठाय?"

डिसेंबरात भारतात गेले तेव्हा हर्णैला आम्ही डॉल्फिन बघायला बोट केली. तुम्ही गेला असाल तर माहीत आहे, एक पाठ दिसली की पाच बोटी शिट्ट्या मारत तिच्यावर. मी तांडेलाला म्हटलं, दादा, इंजिन बंद करता का? नुसतं थांबू.

"ताई, नाय दिसले तर पैशे परत मागाल."

"नाही मागणार."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आईने मान हलवली. इंजिन बंद झालं. बाकीच्या बोटी वळसा घालून निघून गेल्या. आम्ही अर्धा तास डुलत बसलो. भाचा उलटी करायच्या बेतात आला, दोन समुद्रपक्षी दिसले, लांबवर एकदा काहीतरी फुसकन वाजलं आणि कुणालाच दिशा कळली नाही. डॉल्फिन आलेच नाहीत.

किनाऱ्याला लागल्यावर पूर्ण पैसे दिले. त्याने नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि आईला उतरायला हात देताना म्हणाला, "उद्या साडेसहाला या, मावशी. वारा पडलेला असतो. तेव्हा येतील."

आईने मला न विचारता होकार देऊन टाकला.