ऑप्शनला टाकण्याची कला

उद्या अकराला दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर आणि पुस्तकाचा कोरेपणा अजून गेलेला नाही. अशा रात्री शहाणी मुलं अभ्यासाला बसतात. आम्ही ऐनवेळचे लोक आधी काय करायचं नाही ते ठरवतो. इतिहासाचे ९ धडे, राज्यशास्त्राचे ५, आणि रात्र एकच. तीही जेवणाआधी सुरू होत नाही, कारण उपाशीपोटी अभ्यास होत नाही आणि भरल्यापोटी झोप येते.

तर आधी मार्कांचा हिशेब. पेपर ४० गुणांचा, त्यात इतिहास २८ आणि राज्यशास्त्र १२. राज्यशास्त्र पुस्तकात मागे आणि पाचच धड्यांचं, म्हणून पुस्तक मागून उघडावं. नवखा माणूस पहिला धडा उघडतो, तिथे देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको असे पाश्चात्त्य विचारवंत पाहुण्यांसारखे रांगेने येतात, आणि तासाभरात सगळे एकाच तोंडवळ्याचे दिसायला लागतात. त्याचा दोष नाही. एका साच्यातली माहिती पाठोपाठ वाचली की कालवली जाते. त्यावर लगेच दुसरा धडा घेतला तर आणखी कठीण, कारण तिथे भारतावर लिहिणारे जेम्स मिल, एल्फिन्स्टन, ग्रँट डफ आणि मॅक्सम्युलर टपून बसलेले असतात. या दोन धड्यांच्या मध्ये 'खेळ आणि इतिहास' हा धडा घालावा.

आता ऑप्शन. टिपा, सकारण स्पष्ट करा, सविस्तर उत्तरं, जिकडे बघावं तिकडे 'कोणतेही दोन'. बोर्ड इतकं दिलदार असल्यावर आपण तरी कंजुषी का करावी? पण इथेच पोरं फसतात. ती अख्खा धडा ऑप्शनला टाकतात. पहिला प्रश्न मात्र सगळाच सोडवायचा असतो: योग्य पर्यायाला ३ आणि चुकीच्या जोडीला ३ गुण. तिथले प्रश्न इतिहासाच्या कुठल्याही धड्यातून येतात. तेव्हा टाकायची तर सविस्तर उत्तरं टाकावीत, धडा टाकू नये. धड्याचा निदान स्वाध्याय वाचावा. नुसते इतिहासाचे ९ स्वाध्याय नीट वाचले तरी पहिला प्रश्न बराचसा पदरात पडतो.

संकल्पनाचित्रं आमची लाडकी, ४ गुणांची. ती नुसती बघायची नसतात. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर चौकटी काढाव्यात आणि भराव्यात. पान समोर असलं की सगळं येतंय असं वाटतं, मिटलं की चारातल्या तीन चौकटी भरतात. चौथीत 'इतर' लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा.

उताऱ्याचे ४ गुण म्हणजे आहेर. उत्तरं बहुतेक उताऱ्यातच असतात, फक्त शेवटच्या प्रश्नाला थोडं डोकं लागतं.

राज्यशास्त्रात घटनादुरुस्त्या घोळ घालतात. ७३वी गावाची, म्हणजे पंचायत राज. ७४वी शहराची, म्हणजे नगरपालिका-महानगरपालिका. आधी गाव, मग शहर, असं धरून ठेवलं की उलटापालट होत नाही. ६१वीने मतदानाचं वय २१ वरून १८ केलं. माहितीचा अधिकार २००५, पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. 'चूक की बरोबर' मध्ये नुसतं 'बरोबर' लिहून पुढे पळू नये, मार्क कारणाला असतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे पळतात.

हायलायटर घेऊ नये. पहिल्या पानावर चार ओळी पिवळ्या होतात, तिसऱ्यावर फक्त चार ओळी पांढऱ्या उरतात.

साडेअकराला 'आई, पहाटे चारला उठव' असा करार होतो. या कराराचा मजकूर घरोघरी एकच. आई चारला येते. आतून 'उठलोय' असं उत्तर येतं, ते झोपेतच दिलेलं असतं. सव्वाचारला दिवा लागतो आणि पांघरूण डोक्यावर जातं. पाचला बाबा 'वर्षभर काय केलं?' हा सविस्तर उत्तराचा प्रश्न विचारतात. हाही ऑप्शनला टाकावा. त्यापेक्षा साडेअकरापर्यंत वाचावं आणि सरळ सहाला उठावं. झोपेतही वाचलेलं मुरतं, जागरणाने उलट उतरतं.

साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं. फाटकाशी एक हुशार मुलगी हमखास विचारते, 'उपयोजित इतिहासाचं ते मोठं उत्तर केलंस ना?' तिच्यापासून दहा हात लांब उभं राहावं. ती वाईट नसते, पण त्या वेळी नवीन काही आत जात नाही, आत असलेलं मात्र घाबरून बाहेर पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्री 'फुटलेला' पेपरही बघू नये. तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी क्लासची सराव परीक्षा असते.

पेपर सुटला की उत्तरं ताडत बसू नये. पुढे भूगोल आहे. त्या पुस्तकात भारत आणि ब्राझील असे दोनच देश आहेत, आणि ब्राझील ऑप्शनला टाकता येईल का, याची चर्चा शाळेच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत आत्ताच सुरू झालेली असते.