मोठा कपॅसिटर टाकून एसी जास्त गार होत नाही

उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: कपॅसिटर म्हणजे एसीची बॅटरी, कॉम्प्रेसर सुरू झाला की तिचं काम संपलं. एक नंबर मोठा टाका, गारवा वाढेल, बिल निम्मं होईल. जुना धड आहे का, ते ठिणगी पाडून बघा.

बॅटरीचं आधी बघू. ५० मायक्रोफॅरडच्या (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप, मेसेजमधला 'नंबर' तो हाच) कपॅसिटरमध्ये ४४० व्होल्टलासुद्धा १० ज्यूलच्या आतच ऊर्जा मावते. दीड टनाचा साधा एसी सेकंदाला साधारण १५०० ज्यूल खातो. म्हणजे या 'बॅटरी'वर तो सेकंदाचा शंभरावा भागही चालणार नाही. खरं काम वेगळंच आहे. घरात येते सिंगल फेज वीज. तिच्यामुळे मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र नुसतं मागेपुढे होतं, फिरत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, असतं आणि त्यातला करंट कपॅसिटर वेळेच्या हिशेबाने थोडा पुढे सरकवतो. दोन्ही मिळून क्षेत्र फिरतं. हे मोटर चालू असेपर्यंत चालूच राहतं, म्हणून तर त्याला रन कपॅसिटर म्हणतात. सुरुवातीपुरता लागतो तो स्टार्ट कपॅसिटर. तो निराळा, आणि मोटरने वेग घेतला की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, त्याला सर्किटबाहेर काढतो.

मग मोठा नंबर? किती सरकवायचं हे वाइंडिंग बघून कंपनीनेच ठरवलेलं असतं. ५० च्या जागी ६० टाकला तर कॉम्प्रेसर वेगाने फिरत नाही, कारण वेग ५० हर्ट्झशी बांधलेला आहे. वाढतो तो दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट, आणि त्याबरोबर उष्णता. कॉम्प्रेसर सीलबंद असतो. वाइंडिंग जळलं की तो अख्खा बदलावा लागतो.

बिलाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कमजोर कपॅसिटरवर मोटर जास्त करंट ओढते, नवा टाकल्यावर मूळ खपावर येते. त्याखाली जात नाही.

ठिणगीची परीक्षा मात्र मला सगळ्यात खटकते, कारण बरेच मिस्त्रीही ती करतात. ठिणगीतून एवढंच कळतं की आत चार्ज राहतो. ५० चा उतरून ३८ झालेला कपॅसिटरही झकास ठिणगी देतो, आणि त्यावर कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता गुणगुणतो, ओव्हरलोड (जादा करंट झाला की तोडणारा संरक्षक स्विच) ट्रिप होतो, काही मिनिटांनी पुन्हा तेच. वर हाताला झटका बसायची सोय. एमसीबी बंद करून, रेझिस्टरने डिस्चार्ज करून, वायरी सोडवून मायक्रोफॅरड दाखवणाऱ्या मल्टिमीटरने मोजावा. डब्यावर बहुधा ±५ टक्के छापलेलं असतं. त्याखाली गेला की बदला. डबा फुगला असेल तर मोजायचीही गरज नाही. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट छापलेल्यापेक्षा कमी नकोत.

मेसेजमागे एक खरी गोष्ट आहे, ती मान्य करायला हवी. 'कॉम्प्रेसर गेला' असं सांगून हजारोंचा अंदाज हातात दिला जातो, तेव्हा कधीकधी काही शे रुपयांचा कपॅसिटरच गेलेला असतो. अशा वेळी आधी तो समोर मोजून दाखवायला सांगा.

इन्व्हर्टर एसीवाल्यांनी हा मेसेज वाचायचंही कारण नाही. त्यांच्या कॉम्प्रेसरला थ्री-फेज वीज सर्किट बोर्डच बनवून देतो, तिथे हा रन कपॅसिटर नसतोच.