नुसती दाढ तपासून काय उपयोग?

तिसरीतली पोरगी आज पुन्हा गाल धरून बसली होती. गाल सुजलेला, दाढेत लवंग, डबा तसाच. रात्रभर ठणका होता म्हणे. मी तिला पाढे कसले विचारू?

आरबीएसकेची, म्हणजे शाळेत येऊन मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, गाडी जुलैत येऊन गेली. डॉक्टर मॅडमनी टॉर्च मारून नीट बघितलं, दाढ किडल्याचं कार्डावर लिहिलं, ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. त्यांच्यावर माझा राग नाहीच. टीममध्ये दोन आयुष डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स. दातांचा डॉक्टर त्यात ठेवलेलाच नाही! कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, तपासायच्या यादीत दातांची कीड आहे, आणि शाळेची पाळी वर्षातून एकदा. म्हणजे यंदा कीड शोधायची, चिठ्ठी द्यायची, आणि पुढच्या वर्षी तीच दाढ आणखी पोखरलेली बघायची.

चिठ्ठी घेऊन तिची आई तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा डेंटिस्टची ड्युटी दुसऱ्या रुग्णालयात. दुसऱ्यांदा दातांच्या उपचाराची खुर्ची बंद. तिसऱ्यांदा कळलं, कंत्राट संपलंय, नवी ऑर्डर नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली त्या बाईची. काल मला विचारत होती, "मॅडम, उपटूनच टाकू का आता?"

अहो, ही सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ आहे! दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांना वाटतं हीपण पडेल. जुलैत कोणी भरून दिली असती तर एका बैठकीचं काम होतं. आता ठणका लागलाय, म्हणजे रूट कॅनॉल, आणि खाजगीत त्याचे हजारो रुपये. ते हिच्या घरी कुठून येणार?

आणि डॉक्टर मिळत नाहीत हे मला कोणी सांगू नका. देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत. पाच वर्षं घालवून बीडीएस झालेली पोरं शहरात दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पैशांवर राबतायत. इथं बोलवायचं तर अकरा महिन्यांचं कंत्राट, आणि पगार वेळेवर होईल याचा भरवसा नाही. कोण टिकेल? कायमचं पद भरा ना! हाताखाली मदतनीस द्या, चालू खुर्ची द्या, आणि ठरलेल्या दिवशी त्याला शाळेत पाठवा.

शुक्रवारी बाहेरून कोणी डेंटिस्ट येणार आहे म्हणतात. मी रजा टाकलीय. मायलेकींना घेऊन ओपीडी उघडायच्या आधीच दारात जाऊन बसणार आहे.