करणीचा दर

गेल्या रविवारी सकाळी पावणेआठ वाजता एका माणसाने मला त्याच्या चुलतभावाचं वाटोळं करण्याचे पाचशे रुपये देऊ केले. त्याने मला मांत्रिक समजलं, याबद्दल माझी तक्रार नाही. वयाच्या ४८ व्या वर्षी बाईला घरीदारी ह्याहून बरंच वाईट काय काय समजतात. माझा राग आहे तो पाचशेवर. का, ते येईलच पुढे.

मला जुन्या समाध्या, वीरगळ, सतीशिळा, कबरी यांचे फोटो काढायचा नाद आहे. नाद लागला तो बाहेरच्या देशांतल्या दफनभूमींचे फोटो बघून. काय एकेक फोटो! धुकं, शेवाळलेले कललेले दगड, मागे पानं झडलेलं झाड आणि झाडावर कावळा. तो कावळासुद्धा असा बसलेला, की त्याला रोजंदारीवर आणलाय असं वाटावं. आपल्याकडे बहुतेकांना जाळतात, त्यामुळे दगड मागे उरतो तो राजाचा, एखाद्या साधूचा, नाहीतर लढताना पडलेल्याचा. त्यातूनही जो उरला त्याला गावातलं मंडळ भगवा नाहीतर चंदेरी ऑइल पेंट फासतं. चारशे-पाचशे वर्षं ऊन-पाऊस सोसलेला काळा दगड एका दुपारीत नव्या कपाटासारखा दिसायला लागतो. शेजारी 'सौजन्य' म्हणून नावांचा फलक असतो. मेलेल्याचं नाव कुणालाच माहीत नसतं, रंगाचा डबा कुणी दिला ते मात्र गावभर माहीत.

सासूबाईंचं म्हणणं, "मसणात जाऊन फोटो काढायचे ही काय रीत झाली का?" परत आल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ, मग घरात पाय. एकदा त्यांनी कॅमेऱ्यालाही आंघोळ घालायला सांगितलं होतं. तडजोड म्हणून मी लेन्स पुसते, आणि त्या दारातूनच पिशवीवर गोमूत्र शिंपडतात. त्या पिशवीला आता कायमचा वास आहे. ह्या रविवारी निघताना त्यांनी माझ्या नकळत पिशवीत दोन लिंबं टाकली. वाईट काही मागे लागू नये म्हणून. पुढच्या सगळ्या प्रकाराला माझ्या मते त्याच जबाबदार आहेत, पण हे घरात बोलायची सोय नाही.

आधी गेले संगम माहुलीला. साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे. १७३५ च्या सुमारास श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ, घाट आणि राजघराण्यातल्या समाध्या. २९ वर्षं मोगलांच्या कैदेत काढून १७१९ मध्ये सुटून आलेल्या येसूबाईंची समाधी माहुलीलाच. आणि थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचीही, खंड्याची. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असं सांगतात. कुत्र्याला पालखी. हे लक्षात ठेवा.

पहाटेचं धुकं नदीवर तरंगत होतं. कावळाही होता, आणि फुकट बसला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागून आवाज आला, "काकू, जरा साइडला होता का? फ्रेममध्ये येताय." प्री-वेडिंगवाले. मुलीचा लाल झगा घाटाच्या सहा पायऱ्यांवर पसरलेला, एक पोरगा तो झगा उचलून उडवायचा आणि पटकन खाली बसायचा. वर ड्रोन घोंघावत होता. कावळा गेला. धुक्याला काही वाटत नसावं, पण तेही गेलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही, हे मात्र मी नीट बघून ठेवलं. तीन गाड्या, सात माणसं, धुराच्या नळकांड्या, आणि देवळात आलेला एक जण हटकेल तर शपथ. उलट एकाने त्यांना बसायला सतरंजी दिली.

मी तिथून निघाले आणि नदीच्या कडेकडेने दुसऱ्या एका गावाला गेले. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे भावकी आहे. तिथे चिंचेखाली तीन वीरगळ आणि एक सतीशिळा असल्याचं कळलं होतं, आणि खरंच होती. रंग लागलेला नव्हता. मला रडू यायचं बाकी राहिलं.

वीरगळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: उभा दगड, त्यावर खालून वर कप्पे. तळाला वीर मरून पडलेला किंवा लढणारा, कधी पळवलेली गुरं. मधे अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला बांगड्या भरलेला हात. माणूस आडवा पडल्यापासून स्वर्गात बसेपर्यंतची गोष्ट चार फुटांत आटोपलेली असते. पण दगड झिजलेला. समोरून बघाल तर नुसता खडबडीत. ऊन अगदी तिरपं, दगडाला घासून आलं की सावल्या पडतात आणि माणसं दिसू लागतात. म्हणून सकाळी लवकर जायचं. ऊन नसेल तर एका बाजूने टॉर्च धरायची. दगडावर पाण्याचा फवारा मारला तर कोरीवकाम आणखी उठतं. मागे काळं कापड लावलं की पाठीमागचा उकिरडा दिसत नाही.

आता हेच चिंचेपलीकडच्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. एक बाई. एकटी. दगडाभोवती वाकून उलट्या दिशेने फिरतेय. दगडावर पाणी शिंपडतेय. दिवसाढवळ्या टॉर्च लावतेय. झाडाला पिना टोचून काळं कापड बांधतेय. पिशवी उघडी पडलीय आणि त्यातून दोन लिंबं घरंगळत बाहेर आलीत. वर त्या दिवशी अमावस्या होती. मी रविवार बघून गेले होते, तिथी बघून नव्हे.

"चालू द्या, चालू द्या. म्या कुणाला सांगत न्हाय."

सत्तरीचे असतील. डोक्याला मफलर, हातात म्हशीचा कासरा, कासऱ्याला म्हैस. मी म्हटलं, "फोटो काढतेय, मामा."

"व्हय व्हय." त्यांनी एक डोळा बारीक केला. "फोटूवर करता का तुमी? काही जण केसावर करत्यात."

"काय करतात?"

"तेच." ते खाली बसले. "लिंबं दोनच आणली? दोनात हुतंय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. नाद, तिरपं ऊन, वीरगळ म्हणजे काय. ते मान डोलवत ऐकत होते. डॉक्टर आजाराचं इंग्रजी नाव सांगत असताना पेशंट डोलवतो तशी. माझं संपल्यावर ट्रायपॉडकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या तिकाटण्यावर कवटी ठिवत्यात न्हवं?"

"कॅमेरा ठेवतात."

"आता कॅमेरा ठिवत्यात," ते समजूतदारपणे म्हणाले. जग पुढे गेलंय, हे त्यांनी स्वीकारलं होतं.

मग काम सांगितलं. वरच्या अंगाला त्यांचा साडेअकरा गुंठ्यांचा तुकडा. शेजारी चुलतभावाचा. दर पावसाळ्यात चुलतभाऊ नांगरताना बांध एक तास आत कोरतो. एक तास म्हणजे वीतभर. चाळीस वर्षांत किती झालं, करा हिशोब. मोजणी दोनदा आणली, तिसऱ्यांदा मोजणीवाल्यालाच चुलतभावाने जेवायला घातलं. कोर्टात तारखा. शेवटी मागच्या आषाढात एका बाहेरगावच्या मांत्रिकाला गाठलं.

"पाच हजार घेतलं त्यानं. कोंबडा निराळा."

"मग?"

"मग काय. आठ दिसांत रेडा मेला."

"चुलतभावाचा?"

"माजा!" म्हशीने कान हलवले. तिला ते दुःख अजून ताजं असावं. "बांधाला चुना टाकला हुता मंत्रून, तर ह्यो रेडा त्योच बांध चाटून आला."

मी हसले नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. तोंडावर ओढणी धरून मी लेन्स पुसत बसले.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, अंगठ्याने बराच वेळ शोधून एक फोटो माझ्यापुढे धरला. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. पांढरा फेटा बांधलेला एक हसरा म्हातारा जिलेबीचं ताट धरून. "ह्यो. फोटू चांगला आलाय न्हवं? का दुसरा देऊ? मारायचं न्हाय हां. भाऊ हाय. नुसता हात-पाय आखडून बसला पाहिजे पेरणीपतुर. पाचशे देतो."

इथे माझं चुकलं. मी म्हणायला हवं होतं, की असलं काही नसतं. आमचा सातारा जिल्हा म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जिल्हा. असल्याच गोष्टींविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्या माणसाने अर्धं आयुष्य घालवलं, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि मगच त्या वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाला तो मंजूर करायला सवड मिळाली. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तोंडातून निघालं ते असं:

"त्याला पाच हजार आणि मला पाचशे?"

"त्यो बाप्या मानूस हुता," मामा म्हणाले. "त्याला रातीचं यावं लागलं, गाडी करून. तुमी बाईमानूस. तुमाला पाचशे रगड झालं. आन तुमी इथं आलाच हाय न्हवं आपल्या कामाला? जाता जाता तेवढं करा."

जाता जाता तेवढं करा! गेली २५ वर्षं मी हेच ऐकतेय. कॅमेरा आहेच ना तुझ्याकडे, मग बारशाला जाता जाता चार फोटो काढ. साहेबांचा निरोपसमारंभ आहे, फोटोग्राफर कशाला, मॅडम आहेत की. पुतणीच्या साखरपुड्यात मी सहा तास उभी होते, आणि जेवणाच्या फोटोत बाहेरचा भाड्याने आणलेला पोरगा नवऱ्यामुलाशेजारी बसून बासुंदी खातोय. तो फोटो मीच काढलाय. आणि इथे, चिंचेखाली, जिथे मला कुणी ओळखत नाही, जिथे माझा धंदासुद्धा समोरच्याने मनाने ठरवलाय, तिथेही दर बायकी. शाहू महाराजांच्या कुत्र्याला पालखी होती.

शिवाय हिशोबही बसत नव्हता. त्या कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड कमीत कमी ५,०००. म्हणजे पाचशेत काम घेऊन पकडले गेले असते, तर साडेचार हजार पदरचे आणि तुरुंगातून आल्यावर सासूबाईंच्या हातची आंघोळ.

हे मी मामांना सांगितलं. कायद्याचं, आंघोळीचं नव्हे. ते विचारात पडले. मग म्हणाले, "सातशे."

मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बघा, मी हे करते. पडद्यावर मधला वीरगळ होता. तिरप्या उन्हात तळाचा कप्पा लख्ख उमटला होता: ढाल धरलेला माणूस, समोर दोघे, आणि डावीकडे एकामागे एक तीन गाई, शिंगांसकट. मामा पडद्यावर वाकले. दगडाकडे बघितलं, परत पडद्याकडे.

"ही गुरं हितं हायत?"

"तिथेच आहेत. हात लावून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. एक शिंग सापडलं, दुसरं सापडलं. "आज्ज्यापास्नं ह्या दगडाला जनावरं बांधतोय आमी," ते म्हणाले, आणि काही वेळ गप्प बसले. दगडाच्या कमरेला कासऱ्याने घासून पडलेली खोबण होती, गुळगुळीत, बोटभर खोल. तिचाही फोटो मी काढला. मला वाटलं, चला, सकाळ सार्थकी लागली.

"ह्यात बांध दिसंल का?" मामा म्हणाले.

"कसला?"

"कोरल्याला. आसं तिरपं ऊन धरून काडला फोटू, तर जुना बांध कुठं हुता ती रेघ दिसंल न्हवं? कोर्टात दाकवाया. चला, हितंच हाय वर." म्हैस त्यांनी वीरगळाला बांधूनही टाकली. "फोटूचं काय घ्याल?"

फोटोचा दर मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्या धक्क्यात मी सवयीने म्हणून गेले, "फोटोचं काय पैसे, मामा."

"मंग चला की."

करणीला निदान सातशे होते.

तर मी उसाच्या सरीतून चिखल तुडवत वर गेले, बांधावर ट्रायपॉड रोवला आणि तिरपं ऊन धरून मातीचे फोटो काढायला लागले. रेघ दिसत होती का? थोडी दिसत होती, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात पलीकडून पांढरी टोपी आणि विळा येताना दिसला. पंगतीतला जिलेबीवाला. प्रत्यक्षात फोटोहून धडधाकट.

"कोन वो त्या बाई?" तो लांबूनच ओरडला. "काय चाललंय बांधावर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मामांनी माझ्या पुढे होऊन छाती काढली. "साताऱ्यासनं आणल्यात! लई जहाल बाई हायत! आवस हाय आज, ठावं हाय न्हवं?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी वळले आणि त्यातलं एक लिंबू टपकन बांधावर पडलं.

चुलतभाऊ जागीच थांबला. लिंबाकडे बघितलं, काळ्या कापडाकडे, तीन पायांच्या त्या तिकाटण्याकडे. मग काही न बोलता मागे फिरला आणि उसात शिरला. पाय चांगले चालत होते त्याचे, आखडले वगैरे नव्हते, पण बांधापासून दूर दूर जात होते एवढं नक्की. मामांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, की तसं माझ्याकडे आजवर कुठल्या समारंभात कुणी पाहिलेलं नाही.

फोटो मी त्यांना त्याच संध्याकाळी मोबाइलवर पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने कळवलं, की चुलतआजोबा सोमवारी बांधाकडे फिरकलेच नाहीत. सातशे रुपये अजून आलेले नाहीत.