चौदा आण्यांचा आंबा आणि फझी गणित

हापूस कधी उतरवायचा हे सांगणारं एक ॲप कुणीतरी सुचवलं, आणि आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला: 'फझी संच म्हणजे संभाव्यतेचंच नवं नाव. प्रत्यक्षात त्यावर काही चालत नाही. आकडे तर हवेतूनच काढतात.'

खरी गफलत पहिल्या वाक्यात आहे. आपण आंबा 'चौदा आणे' झाला की काढतो. सोळातले चौदा, म्हणजे ०.८७५. (१९५७ला दशमान नाणी आली, आणे बाजारातून गेले, आंब्यातून काही गेले नाहीत.) आता फळात साका (आतून पांढरट, स्पंजासारखा झालेला गर) निघेल का, हा प्रश्न संभाव्यतेचा. बाहेरून कळत नाही, कापलं की निकाल लागतो. पण चौदा आण्यांचं फळ कापून बघा, ते चौदा आणेच राहतं. कारण इथे माहिती अपुरी नाही, 'तयार' या शब्दालाच बांध नाही. फझी संच मांडणारे लोत्फी झादे यांनी १९६५ साली संचाला हीच मुभा दिली: एखादी गोष्ट त्यात काही अंशी असू शकते.

'काही चालत नाही' म्हणणाऱ्यांनी जपानातल्या सेंदाईची भुयारी रेल्वे पाहावी. १९८७पासून तिथे गाडीचा वेग आणि ब्रेक फझी नियमांवर सांभाळले गेले.

आकड्यांचा आक्षेप मात्र मला निम्मा पटतो. मी बारा आणे म्हणेन, आमचा गडी चौदा म्हणेल. व्यापक फझी संच आले ते याचसाठी. एका आकड्याऐवजी 'बारा ते चौदा' असा पट्टा धरता येतो. बल्गेरियाच्या अतानासोव यांच्या मांडणीत तर 'आहे' आणि 'नाही' वेगवेगळे मोजतात: बारा आणे तयार, दोन आणे कच्चा, उरलेले दोन आणे 'सांगवत नाही'. ते दोन आणे लपवायचे नाहीत, हिशेबात धरायचे.

समजा अवकाळीचं सावट आहे. आज काढला तर तयारी बारा ते चौदा, पावसापासून बचाव पंधरा. तीन दिवसांनी तयारी पंधरा, बचाव नऊ. बेलमन आणि झादे यांची १९७०ची रीत अशी: प्रत्येक पर्यायाची सगळ्यात लंगडी बाजू बघा, आणि ती ज्याची कमी लंगडी तो पर्याय घ्या. आज किमान बारा, नंतर नऊच. म्हणजे माझं खरं धरा की गड्याचं, आंबा आजच उतरवायचा. नंतरचा बचाव नऊऐवजी तेरा असता तर मात्र आमच्या भांडणाला अर्थ होता.

त्या ॲपवर माझीही एक तक्रार आहे. ते नुसतं 'काढा' म्हणतं, किती आण्यांवर ते दाखवत नाही.